एका थेंबाचा हिशेब

आमच्या आळीतले बावखल बुजवावे की राखावे, यावर गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बैठक भरली होती. बोलणे बराच वेळ गोल गोल फिरत होते. मग एका तरुणाने मोबाइल पुढे केला. कुणीतरी त्याच बावखलातले पाणी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून चित्रण केले होते. हिरवट उजेडात असंख्य जीव वळवळत, गिरक्या घेत, एकमेकांवर आदळत होते. मोबाइल हातोहात फिरला. पाहणाऱ्यांपैकी एक काका म्हणाले, “अरे, एका थेंबात एवढे, तर अख्ख्या बावखलात किती?” त्या प्रश्नाने बैठकीचा कल ठरून गेल्यासारखा झाला. बुजवा म्हणणाऱ्यांना आणखी काही बोलण्याची गरजच उरली नाही.

मी कोपऱ्यात बसलो होतो. आळीत मला ‘भिंगवाला’ म्हणतात. शिक्षण दहावीनंतर आयटीआय. हयात गेली ती वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये, टूलरूममध्ये मापे घेण्यात. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर डाय वाया जाते, हे तिथे शिकलो. पंधरा वर्षांपूर्वी जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि मापे घेण्याची तीच सवय पाण्याच्या थेंबाकडे वळली. काकांचा प्रश्न मला खटकला नाही. उलट तो फार चांगला प्रश्न होता. खटकले ते एवढेच, की तो उत्तर म्हणून विचारला गेला. त्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येते. ते कसे काढायचे आणि त्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची, हे सांगण्यासाठी हा लेख.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी आधी बावखलाविषयी थोडे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्रालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत, वाड्यांच्या मधोमध खोदलेली ही गोड्या पाण्याची तळी. विहिरीपेक्षा ऐसपैस, तलावापेक्षा लहान. पावसाचे पाणी त्यांत साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना गोडे पाणी पुरवते. जमिनीखाली गोड्या पाण्याचा हा दाब असतो म्हणून समुद्राचे खारे पाणी आत सरकत नाही. केळी, पानवेली, फुलझाडे यांच्या बागा एके काळी अशाच पाण्यावर, रहाटाने शिंपल्या जात. पुढे पंप आले, टँकर आले, इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनामागे इथली हिरवाई आणि इथले पाणी यांचीच काळजी होती. तेव्हा बावखल बुजवणे म्हणजे नुसता खड्डा भरणे नव्हे. म्हणूनच ते ज्या पुराव्यावर बुजवायचे, तो पुरावा तपासून पाहायला हवा.

काकांचा प्रश्न साडेतीनशे वर्षे जुना आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोन व्हान लेव्हेनहूक याने १६७४ साली जवळच्या तळ्याचे पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात हालणारे जीव त्याला दिसले. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहून हे जीव किती लहान आणि किती संख्येने आहेत ते कळवले. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा गावातल्या धर्मगुरूंसह आठ प्रतिष्ठित माणसांना त्याने साक्षीला बसवले.

त्याच्याजवळ मोजपट्टी नव्हती. मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे माप तेव्हा जन्मालाही आले नव्हते. मग त्याने तुलना केली ती वाळूच्या कणाशी. एखाद्या जिवाची रुंदी कणाच्या रुंदीच्या शंभरावा भाग असेल, तर लांबीत शंभर, रुंदीत शंभर आणि उंचीत शंभर असे जीव मावतील. शंभराचा घन म्हणजे दहा लाख. एका कणाच्या जागेत दहा लाख जीव! पाण्याचेही त्याने तसेच केले. अख्ख्या थेंबातले जीव मोजणे अशक्य, म्हणून राळ्याच्या दाण्याएवढ्या पाण्यातले अंदाजायचे आणि असे किती दाणे थेंबात मावतात त्या संख्येने गुणायचे. लहान भाग मोजायचा, तो भाग पूर्णाचा कितवा हिस्सा आहे हे भूमितीने काढायचे आणि गुणाकार करायचा. आजच्या प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकी मोजणीही मुळात एवढीच आहे.

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. त्यासाठी तीन मापे लागतात. पहिले, थेंबाचे आकारमान. औषधांच्या दुकानात मिळणारी एक मिलिलिटरची सिरिंज भरायची आणि ड्रॉपरच्या किती थेंबांनी तेवढे पाणी होते ते मोजायचे. माझ्या ड्रॉपरचे वीस थेंब होतात. एक मिलिलिटर म्हणजे एक हजार घन मिलिमीटर. म्हणून एक थेंब ५० घन मिलिमीटरचा. दुसरे माप पाण्याच्या थराच्या जाडीचे. थेंबावर आपण पातळ चौकोनी काच ठेवतो, तिला कव्हरस्लिप म्हणतात. ती १८ मिलिमीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे ३२४ चौरस मिलिमीटरची. तिच्याखाली थेंब कडेपर्यंत सारखा पसरला आणि बाहेर आला नाही, तर थराची जाडी ५० भागिले ३२४, म्हणजे ०.१५४ मिलिमीटर.

तिसरे माप आपल्याला भिंगातून दिसणाऱ्या गोलाचे. यासाठी खास कोरलेली काचपट्टी मिळते, पण मी प्लॅस्टिकच्या साध्या पारदर्शक पट्टीवर भागवले. सर्वांत कमी शक्तीच्या, चार पटीच्या भिंगाखाली पट्टी ठेवली की गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेचार मिलिमीटर दिसतात. चाळीस पटीच्या भिंगाखाली हाच गोल दसपट लहान, म्हणजे ०.४५ मिलिमीटर व्यासाचा. त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय, या शाळेतल्या सूत्राने त्याचे क्षेत्रफळ येते ०.१५९ चौरस मिलिमीटर.

आता तिन्ही मापे एकत्र आणू. एका नजरेत आपल्याला दिसते ती पाण्याची नाण्यासारखी चकती: क्षेत्रफळ ०.१५९, जाडी ०.१५४, आकारमान सुमारे ०.०२४५ घन मिलिमीटर. एक मिलिलिटर पाण्यात अशा सुमारे ४१ हजार चकत्या होतात. दुसऱ्या वाटेनेही ताळा मिळतो. एका कव्हरस्लिपखाली दोन हजारांहून थोड्या अधिक चकत्या मावतात आणि मिलिलिटरमध्ये वीस थेंब, म्हणजे पुन्हा ४१ हजारच. तेव्हा सरासरी एका चकतीत एक जीव दिसला, तर मिलिलिटरला ४१ हजार.

प्रयोगशाळेत हे कष्ट वाचावेत म्हणून ठरावीक खोलीच्या काचा वापरतात. रक्तपेशी मोजण्याच्या न्यूबाउअर काचेवर एक मिलिमीटर बाजूच्या चौकोनावर फक्त ०.१ मिलिमीटर खोल पाणी राहते. तिथे मोजलेल्या संख्येला दहा हजाराने गुणले की मिलिलिटरची संख्या येते. पाण्यातल्या शेवाळासाठी सेजविक-राफ्टर काच असते. ती ५० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि १ खोल, म्हणजे बरोबर एक मिलिलिटरची. पद्धत तीच, फक्त जाडीचा अंदाज करावा लागत नाही.

एवढे केले तरी आकडा दगा देऊ शकतो. त्याची मला माहीत असलेली तीन कारणे सांगतो.

पहिले कारण नमुन्याचे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती भात एकसारखा शिजला असेल तरच. मोबाइलमधला थेंब कुठून घेतला, असे मी त्या तरुणाला विचारले. काठाशी कुजलेल्या पाणवनस्पतींचा झुबका होता, तो पिळून घेतला होता. सूक्ष्मजीवांची सर्वांत मोठी जत्रा भरते ती अशाच जागी. त्या थेंबाला अख्ख्या बावखलाच्या पाण्याने गुणणे म्हणजे जत्रेच्या दिवशी देवळाच्या आवारातली माणसे मोजून तालुक्याची लोकसंख्या ठरवण्यासारखे आहे. काठ, मध्य, पृष्ठभाग आणि तळ असे वेगवेगळे नमुने घेतल्यावाचून गुणाकाराला अर्थ नाही.

दुसरे कारण खोलीचे. चाळीस पटीच्या भिंगाला एका वेळी काही मायक्रॉन जाडीचाच थर स्पष्ट दिसतो. आपल्या थराची जाडी मात्र १५४ मायक्रॉन. बारीक चक्री फिरवत वरपासून खालपर्यंत पाहिले नाही, तर आपण चकतीची केवळ साय मोजतो आणि सगळे दूध मोजले असे समजतो. शिवाय जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे. रंग दिल्याशिवाय ते धुळीच्या ठिपक्यांत हरवून जातात. म्हणूनच १९७० च्या दशकापासून संशोधक पाणी ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांच्या पातळ गाळणीतून ओढतात, अडकलेल्या जिवाणूंना चमकणारा रंग देतात आणि मग मोजतात. सगळे जीव एकाच पातळीत येतात, खोलीचा प्रश्नच मिटतो.

तिसरे कारण नशिबाचे. वळवाच्या पहिल्या सरीत अंगणातल्या फरश्यांकडे पाहा. पाऊस सगळीकडे सारखाच पडत असतो, तरी एका फरशीवर चार थेंब, शेजारी एक, तिसरी कोरडी. काचपट्टीवर जीव असेच विखुरतात. याचा नियम सोपा आहे: जितके मोजले त्याच्या वर्गमुळाइतका फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो. चार मोजले तर दोन इकडे-तिकडे, म्हणजे निम्माच भरवसा. शंभर मोजले तर दहा. चारशे मोजले तर वीस, म्हणजे शेकडा पाच. पाच-सहा जीव पाहून सांगितलेला लाखांचा आकडा दिसायला भारदस्त असतो, पण आतून पोकळ.

हे सगळे मी आज शहाण्यासारखे सांगत असलो, तरी त्याची किंमत मला एका चुकीतून कळली. सूक्ष्मदर्शक आणल्याला वर्ष झाले असेल. शेजारच्या काकूंनी तांब्यात विहिरीचे पाणी आणले. “एवढं बघून सांग रे, पिण्याजोगं आहे ना?” पाणी काचेसारखे नितळ. मी काचपट्टी केली, चाळीस जागा पाहिल्या, एकही जीव दिसला नाही. मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “काकू, एकदम स्वच्छ आहे.” पुढल्या आठवड्यात त्यांच्या दोन्ही नातवंडांना जुलाब लागले. ते पाण्यानेच झाले असे मी म्हणू शकत नाही. पण ओळखीतून मिळवलेल्या एचटूएस बाटलीत तेच पाणी भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली होती. पाण्यात मैल्याचे जंतू असल्याची दाट शंका, असा त्याचा अर्थ. विहिरीपासून थोड्याच अंतरावर शोषखड्डा होता आणि आमची जमीन वाळूची.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. चाळीस चकत्या म्हणजे ४० गुणिले ०.०२४५, सुमारे एक घन मिलिमीटर. मी काकूंच्या तांब्यातले मिलिलिटरचा हजारावा भाग पाणी पाहिले होते! तेवढ्यात शून्य आले म्हणून पाण्यातही शून्य, असे होत नाही. संख्याशास्त्रात एक अडाखा आहे. काहीच सापडले नाही, तर तपासलेल्या तेवढ्या भागात सरासरी तीनपर्यंत असू शकतात असे धरावे. कारण सरासरी तीन असतानाही शंभरात पाच वेळा योगायोगाने एकही हाती लागत नाही. एका घन मिलिमीटरला तीन म्हणजे मिलिलिटरला तीन हजार आणि १०० मिलिलिटरला तीन लाख. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० सांगते, की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्याचा निदर्शक जिवाणू आढळता कामा नये. माझे ‘शून्य’ आणि मानकाचे ‘शून्य’ यांच्यात तीन लाखांचे अंतर होते.

ते अंतर डोळ्यांनी भरून काढता येईल का, तेही मी मांडून पाहिले. १०० मिलिलिटर म्हणजे सुमारे ४१ लाख चकत्या. एकीला दहा सेकंद दिले आणि रोज आठ तास बसलो, तर एकही सुट्टी न घेता जवळजवळ चार वर्षे लागतील. आणि एवढे करूनही दिसलेला ठिपका मैल्यातला की मातीतला हे नुसत्या आकारावरून कळणार नाही, जिवंत की मेलेला हेही नाही. दुसऱ्या दिवशी काकूंकडे जाऊन चूक कबूल केली. विहिरीत टीसीएल पावडर टाकली, पिण्याचे पाणी उकळायला लावले. काकू रागावल्या नाहीत; त्याचेच जास्त वाईट वाटले.

या अडचणीवर तोड निघाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिचा एक धागा आपल्या देशातून जातो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कॉलऱ्याच्या शोधात कलकत्त्याला आला आणि १८८४ साली तिथल्या एका तलावाच्या पाण्यात त्याला कॉलऱ्याचे स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू सापडले. त्याच तलावात लोक आंघोळ करत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. म्हणजे तळे निर्दोषच असते असे समजण्याचे कारण नाही. पण कॉखने नुसते पाहण्यावर भागवले नाही, त्याने जंतूंना वाढवले. पोषक जेलीच्या थरावर एका जिवाणूची वाढून ठिपक्याएवढी वसाहत होते आणि ती नुसत्या डोळ्यांनी मोजता येते. जंतू शोधायला आपण जाण्याऐवजी जंतूलाच मोठे होऊन समोर यायला लावायचे.

१८९२ साली हँबुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसे मेली. लागूनच असलेले आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे, तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाचे अधिक घाण पाणी पीत असूनही बरेच वाचले. फरक एवढाच होता, की आल्टोनात पाणी वाळूच्या थरातून गाळून देत. गाळणी नीट चालते आहे याची खूण म्हणून कॉखने मिलिलिटरला शंभर वसाहतींची मर्यादा सुचवली. पाण्याच्या चांगलेपणाला आकडा मिळाला, पण तो मोजणीच्या पद्धतीसकट मिळाला.

आज गावागावांत पोचलेली एचटूएस बाटली याच घराण्यातली. १९८२ साली के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच देशात ती चाचणी विकसित केली. बाटलीत साधारण २० मिलिलिटर पाणी मावते. माझ्या चाळीस चकत्यांच्या तुलनेत ते वीस हजार पट झाले. तीही सर्वज्ञ नाही. मैल्याशी संबंध नसलेले काही जिवाणूही तिला काळे करतात, म्हणून पुढे प्रयोगशाळेची तपासणी लागतेच. उलट वाढवण्याच्या पद्धतीत बाकीचे जिवाणू निसटतात. नैसर्गिक पाण्यात सूक्ष्मदर्शकाने मोजलेल्या शंभरांपैकी अनेकदा जेमतेम एखादाच जेलीवर वाढतो. दोन्ही मोजण्या खऱ्या, पण त्यांचे प्रश्न वेगळे. ‘या पाण्यात किती जीव आहेत?’ हा एक प्रश्न. ‘या पाण्याने माणूस आजारी पडेल का?’ हा दुसरा. काकूंच्या वेळी मी पहिल्याच्या साधनाने दुसऱ्याचे उत्तर दिले. बैठकीतही तेच चालले होते, फक्त उलट्या दिशेने.

म्हणून त्या संध्याकाळी मी तो मोबाइल मागून घेतला आणि चित्र थांबवून दाखवले. चपलेच्या तळव्यासारखे दिसणारे ते पॅरामेशियम. ते जिवाणू खाऊन जगते, माणसाला त्याचा रोग होत नाही. त्याची लांबी सुमारे २०० मायक्रॉन, जाडी ५०. लंबगोलाच्या सूत्राने आकारमान दोन लाख साठ हजार घन मायक्रॉन. ई. कोलाय जेमतेम एक घन मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्यांत भरणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाच्या अंगात अडीच लाखांवर जिवाणू मावतील. मोबाइलवर दिसत होते ते भिण्याजोगे नव्हते. भिण्याजोगे असलेच, तर ते त्या चित्रात दिसण्यासारखे नव्हते.

काकांना आकडा हवाच होता, म्हणून तोही मांडला. समजा पाण्यात मिलिलिटरला दहा लाख जिवाणू आहेत. समुद्रात, तळ्यांत इतके असणे नेहमीचे आहे. प्रत्येक एक घन मायक्रॉनचा धरला, तर पंधरा लिटरच्या घागरीत १५ अब्ज जिवाणू झाले. ते सगळे एकत्र दाबले तर आकारमान भरते १५ घन मिलिमीटर, साधारण तांदळाच्या एका दाण्याएवढे. अब्ज म्हटले की छाती दडपते आणि तांदळाचा दाणा म्हटले की हसू येते. पाणी मात्र तेच. ते प्यावे की नाही, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही.

“मग तुझं म्हणणं काय, पाणी चांगलं आहे?” काकांनी विचारले. मी म्हणालो, “काका, ते मला माहीत नाही. मागे एकदा माहीत नसताना सांगितलं होतं.” काकू बैठकीतच होत्या. त्या नुसत्या हसल्या.

बावखलाचे पाणी आमच्याकडे कुणी पीत नाही. ते बागेला जाते आणि जमिनीत मुरते. तेव्हा तपासायचे ते भोवतालच्या विहिरींचे पाणी, आणि बावखलात कुणाच्या घरचे सांडपाणी सोडलेले आहे का ते. काठावरून, मधून आणि चार विहिरींतून नमुने घ्यायचे, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि ते रीतसर तपासणीला पाठवायचे, असे ठरले. बुजवण्याचा विषय तेवढ्यापुरता मागे पडला. कायमचा मिटला असे मी म्हणणार नाही. जमिनीचा भाव थेंबातल्या जिवांपेक्षा वेगाने वाढतो.

पहिल्या नमुन्यांच्या दिवशी मोबाइलवाला तरुण माझ्याबरोबर आला. त्याने निर्जंतुक बाटल्या धरल्या, मी प्रत्येकीवर जागा, तारीख आणि वेळ लिहिली. परतताना त्याने विचारले, “काका, ते वर्गमुळाचं पुन्हा एकदा सांगाल?” आम्ही बावखलाच्या काठावरच बसलो आणि मी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर फरश्या काढायला घेतल्या.